दम आधी येतो, शिरा मागून येतात

बापू, पन्नाशी ओलांडल्यावर मॅरेथॉन पळायचं ठरवलंस, फार चांगलं केलंस. सूनबाईही तुझ्याबरोबर पहाटे बाहेर पडायला लागली, हे त्याहून चांगलं. या वयात पळण्याच्या काही गोष्टी आहेत. त्या मी जाणत्यांकडून ऐकत आलो आणि स्वतः पाळत आलो. त्या आता तुम्हा दोघांच्या हवाली करतो.

सगळ्यांत मोठी गोष्ट आधी सांगतो, बाकीचं सगळं तिच्यातूनच निघतं. पळायला लागलं की छातीचा दम महिना-दीड महिन्यात सुधारतो. मांड्या-पोटऱ्यांना त्याहून जास्त दिवस लागतात. स्नायू हाडाला बांधून ठेवणाऱ्या शिरा, सांधे आणि हाडं यांना तर कित्येक महिने लागतात, आणि वय वाढलेलं असलं की आणखी जास्त. म्हणून तिसऱ्या महिन्यात माणसाला वाटतं, आता आपण कितीही पळू. दम होय म्हणत असतो, पण टाचेवरची जाड शीर अजून तयार झालेली नसते. उतारवयातल्या पळणाऱ्यांची बहुतेक दुखणी याच मधल्या काळात उभी राहतात. दम आला तरी शिरांसाठी थांबायचं, एवढं ज्याला जमलं तो सत्तरीतही पळतो.

आधी तपासणी, मग बूट

बूट घेण्याआधी डॉक्टरकडे जा. रक्तदाब, साखर, रक्तातली चरबी आणि ईसीजी एवढं करून घे. घरात कुणाला कमी वयात हृदयविकार झाला असेल, किंवा तंबाखू-बिडीची जुनी सवय असेल, तर तेही सांग. पट्ट्यावर चालवून ईसीजी काढतात, ती तपासणी लागेल का, हे डॉक्टरला ठरवू दे. चालू असलेल्या गोळ्या सोबत ने. रक्तदाबाच्या काही गोळ्यांनी नाडी मुद्दाम हळू ठेवलेली असते. अशा वेळी मनगटावरच्या घड्याळाचे ठोके बघून पळणं फसवं ठरतं. लघवी जास्त करणारी गोळी असेल तर उन्हात अंगातलं पाणी लवकर कमी होतं. साखरेच्या काही गोळ्यांनी आणि इन्सुलिननं पळताना साखर एकदम खाली येते. आपल्या मनानं गोळी बंद करायची नाही, आणि तपासणी न करता पळायचंही नाही.

पळताना छातीत दाब आला, जबडा किंवा डावा हात दुखायला लागला, डोळ्यापुढं अंधारी आली, नेहमीच्या वेगातही श्वास पुरेनासा झाला, तर जागच्या जागी थांबायचं. पित्त आहे, गॅस आहे म्हणून पुढं जायचं नाही. गाडी बोलावून थेट दवाखाना गाठायचा.

तयारी आषाढापासून

मुंबई मॅरेथॉन २००४ साली सुरू झाली. आता ती साधारण जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी असते, म्हणजे पौष-माघाच्या सुमारास. तिथून मागं मोजलं की आपली तयारी आषाढात सुरू होते, आणि आपल्या बीडच्या हवेला ते बरोबर बसतं. चैत्र-वैशाखात पारा चाळिशीपार जातो. तेव्हा फक्त पहाटेचं चालणं ठेव.

आषाढ-श्रावणात चालण्यावर भर दे. पैठणहून निघालेली एकनाथांची पालखी आपल्या जिल्ह्यातून, रायमोहा-पाटोद्याच्या भागातून पंढरपूरला जाते. त्या दिंडीत साठी-सत्तरीची माणसं रोज वीसेक किलोमीटर चालतात. त्यांच्या पायांत जे आहे, ते आधी आपल्या पायांत यायला पाहिजे. एक तासाचं झपाझप चालणं अंगवळणी पडलं, की त्यात पळणं मिसळायचं : दोन मिनिटं पळ, दोन मिनिटं चाल. हळूहळू चार मिनिटं पळणं आणि एक मिनिट चालणं यावर ये. असं चालत-पळत मॅरेथॉन पुरी करण्याची रीत जेफ गॅलोवे या अमेरिकन ऑलिंपिकपटूनं १९७० च्या दशकापासून हजारो लोकांना शिकवली. चालण्यात कमीपणा काही नाही. चालायचं ते थकण्याआधी, ठरवून चालायचं. थकल्यावर चालणं हा नाइलाज असतो आणि त्याचा फायदाही थोडाच होतो.

भाद्रपद-आश्विनात लांबच्या पल्ल्याला हात घाल. तरुण पोरं दर रविवारी लांब पळतात. तू दर दहा दिवसांनी पळ. दोन वेळा पल्ला वाढव, तिसऱ्या वेळी कमी कर. कार्तिक-मार्गशीर्षात हवा गार होते, तेव्हा सगळ्यांत मोठे पल्ले उरकून घे. तीस किलोमीटर किंवा साडेतीन तास, यातलं जे आधी येईल तिथं थांब. त्यापुढं पळून दम फारसा वाढत नाही, पण अंग भरून निघायला पंधरा दिवस जातात. शेवटचे तीन आठवडे पळणं कमी-कमी करत आणायचं. तेव्हा पाय शिवशिवतात, तयारी निसटते की काय असं वाटतं. वाटू दे. मेहनतीचं बळ अंगात मुरतं ते याच विश्रांतीत.

आठवड्यात चार दिवसांच्या वर पळू नको, आणि एक दिवस पूर्ण विसावा घे. रोज सात-आठ तास झोप झाली नसेल तर दुसऱ्या दिवशीचं कठीण पळणं रद्द कर. आपल्या वयात शरीर उभं राहतं ते झोपेत.

वेग हरिपाठानं मोज

महागडं घड्याळ नसलं तरी चालतं. पळता-पळता हरिपाठातला एखादा अभंग न तुटता म्हणता आला, म्हणजे वेग बरोबर आहे. दोन शब्दांनंतर श्वास तुटला की वेग जास्त झाला. आठवड्यातलं बहुतेक पळणं या अभंगाच्या वेगानंच व्हायला पाहिजे. आठवड्यातून एकदाच, तेही चार-पाच महिन्यांनी पाय घट्ट झाल्यावर, थोडं जोरात पळ. त्यात चढावर एक-एक मिनिटाचे पाच-सहा फेरे पुरेत. चढावर वेग आपोआप कमी राहतो आणि सांध्यांना हादरा कमी बसतो, म्हणून सपाटीवरच्या झेपेपेक्षा आपल्यासाठी चढ सुरक्षित.

भरतीच्या पोरांच्या मागं लागू नको

पहाटे मैदानावर पोलीस भरतीची, सैन्य भरतीची पोरं-पोरी असतात. त्यांच्याकडं बघून अंगात जोर येतो, आणि तो यावाही. पण पोलीस भरतीतल्या पोरांची परीक्षा सोळाशे मीटरची असते, त्यांना तेवढ्यात जीव ओतायचा असतो. तुला बेचाळीस किलोमीटर आणि एकशे पंच्याण्णव मीटर जायचंय. त्यांच्या शेजारून पळ, त्यांच्या बरोबरीनं पळू नको.

त्यांच्या तोंडी अविनाश साबळेचं नाव असतं, आणि असायलाच हवं. आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा हा पोरगा सैन्यात गेला, सियाचीनला राहिला, आणि तीन हजार मीटर स्टीपलचेसमध्ये २०२२ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत रौप्य, २०२३ च्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण घेऊन आला. २०२४ मध्ये पॅरिस ऑलिंपिकची अंतिम फेरी त्यानं गाठली. अर्धमॅरेथॉन २०२० साली दिल्लीत त्यानं एक तास तीस सेकंदांत पळून दाखवली. पण त्याच्या घडणीतला एक भाग आपल्यासाठी जास्त मोलाचा आहे. स्टीपलचेसकडं तो वळला २०१७ च्या सुमारास, आणि राष्ट्रीय विक्रम २०१८ मध्ये मोडला. त्याआधी शाळेची रोजची पायपीट आणि सैन्यातली क्रॉस कंट्री, इतकी वर्षं पाय घडत होते. आणि २०२५ च्या जुलैमध्ये मोनॅकोच्या शर्यतीत गुडघा दुखावला तेव्हा तिशीतल्या या गड्यालाही टोकियोची जागतिक स्पर्धा सोडावी लागली. त्याच्यासारख्याला जी सबुरी धरावी लागते, ती आपण त्याच्या दुप्पट धरायची.

कुठं पळायचं, कुठं नाही

डांबरी आणि सिमेंटच्या रस्त्यापेक्षा मुरमाची वाट गुडघ्यांना बरी. पावसाळ्यात काळ्या मातीचा रस्ता टाळ. चिखल बुटाला चिकटून पाय जड होतो आणि घसरून घोटा मुरगळतो. पालीजवळ बिंदुसरा धरणाकडचा भाग पहाटे चांगला. चढासाठी मांजरसुंब्याचा परिसर, कपिलधारकडची वाट आणि बालाघाटाचे उतार आपल्या हाताशी आहेत. चढताना पावलं लहान टाक, उतरताना त्याहून लहान टाक. गुडघ्याचं आणि मांडीचं खरं नुकसान उतारावर होतं. सातारा हिल मॅरेथॉनमध्ये यवतेश्वरच्या घाटानं वर जाऊन तीच वाट उतरावी लागते. तिथं जायचं मनात असेल तर चढण्याइतकाच उतरण्याचा सराव कर.

सोलापूर-धुळे महामार्गावर पळू नको. दिवाळीनंतर आपली माणसं कोयता घेऊन कारखान्यांकडं जातात, आणि उसाच्या डबल ट्रॉल्या अंधारात रस्त्यावर असतात. कित्येकांना मागं दिवा नसतो. कुठल्याही रस्त्यावर समोरून येणारी वाहनं दिसतील अशा बाजूनं पळ. अंगात चमकणारं जाकीट घाल, कानात गाणी नकोत. खिशात आधार कार्डाची झेरॉक्स, घरचा नंबर आणि चालू गोळ्यांची चिठ्ठी ठेव. कुत्री अंगावर आली तर पळायचं थांबव, तोंड त्यांच्याकडं ठेवून सावकाश मागं सर. सूनबाई, तू एकटी अंधारात जाऊ नकोस, चार बायकांचा गट कर. बायकांची हाडं पाळी गेल्यानंतर लवकर ठिसूळ होतात. चालण्या-पळण्यानं आणि वजन उचलण्यानं ती टिकतात, म्हणून हे तुला बापूपेक्षाही जास्त गरजेचं आहे. कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्वाचं डॉक्टरला विचारून घे.

पळण्याबरोबर ताकदीचा व्यायामही कर

तिशीनंतर अंगातला स्नायू दर दशकाला थोडा-थोडा झिजतो आणि साठीनंतर ती झीज वाढते. नुसत्या पळण्यानं ती थांबत नाही. आठवड्यातून दोन दिवस ताकदीचा व्यायाम कर. पायरीच्या कडेवर चवड्यानं उभा राहा, टाचा सावकाश वर ने आणि त्याहून सावकाश खाली आण. आधी दोन्ही पायांवर, दोन-तीन महिन्यांनी एका पायावर. उतारवयातल्या पळणाऱ्यांना पोटऱ्या आणि टाचेवरची शीर गुडघ्यांइतकाच त्रास देतात, आणि त्यावर या एका व्यायामासारखा उपाय नाही. त्याशिवाय अर्ध्या उठाबशा, खुर्चीवरून हात न टेकता उठणं, पाण्याची घागर दोन्ही हातांत आलटून-पालटून घेऊन चालणं. दात घासताना एका पायावर उभं राहायची सवय लाव, तोल राहिला की पडणं टळतं.

अनवाणी पळण्याच्या गोष्टी

लोक तुला लता करे यांचं उदाहरण देतील. बुलढाण्याकडून पोटासाठी बारामतीला आलेल्या या माउलीनं साठी ओलांडल्यावर, नवऱ्याच्या तपासणीला पैसे हवेत म्हणून, नऊवारीत आणि अनवाणी तीन किलोमीटरची शर्यत जिंकली. २०२० मध्ये त्यांच्यावर मराठी चित्रपट आला, त्यात स्वतःची भूमिका त्यांनीच केली, आणि राष्ट्रीय पुरस्कारांत त्याची दखल घेतली गेली. त्याच्याही शंभर वर्षं आधी, पुण्याच्या डेक्कन जिमखान्याच्या शर्यतींत अनवाणी पळणारी खेड्यातली माणसं दोराबजी टाटांनी पाहिली. त्यातून पुढं बेळगावचे फडेप्पा चौगुले १९२० च्या अँटवर्प ऑलिंपिकची मॅरेथॉन पळले आणि एकोणिसावे आले.

लोक म्हणतात, बघा, यांना ना बूट ना सराव. त्यातलं बुटाचं खरं आहे, सरावाचं नाही. लताबाईंचा सराव जन्मभर शेतात राबण्यात झाला होता. कष्टानं त्यांच्या तळव्यांपासून कमरेपर्यंतच्या शिरा किती तरी वर्षं घडवल्या होत्या. खुर्चीत बसून नोकरी केलेल्या माणसानं त्यांचा अनवाणी पाय उचलायचा नाही, त्यांचे कष्ट उचलायचे. तू बूट घाल. संध्याकाळी पाय थोडे सुजलेले असतात तेव्हा विकत घे, अंगठ्यापुढं बोटभर जागा ठेव, आणि मध्यम किमतीचा, पायाला लगेच आवडेल असा घे. सहा-सातशे किलोमीटरनंतर बदल. नवा बूट शर्यतीच्या दिवशी पहिल्यांदा घालायचा नाही. साखर असेल तर रोज रात्री तळवे तपास, फोड अंगावर काढू नको.

खाणं, पाणी आणि उपास

रोजच्या जेवणात ज्वारीची भाकरी, डाळ, शेंगदाणे, दूध-दही, चालत असेल तर अंडी राहू दे. या वयात स्नायू टिकवायला डाळी-दुधाचा वाटा वाढवावा लागतो. पण लांब पळायच्या आदल्या रात्री भाकरी, उसळ आणि ठेचा नको. चोथा आणि तिखट दोन्ही सकाळी पोटात कळ आणतात. वरण-भात किंवा खिचडी, तेल कमी, लवकर जेवण.

उपासाच्या दिवशी लांब पळू नको. श्रावणी सोमवार, एकादशी, नवरात्राचे नऊ दिवस, हे आधीच कॅलेंडरवर खूण करून ठेव आणि लांबचे पल्ले त्याच्या मागं-पुढं बसव. नवरात्रात नुसतं चालणं ठेव. देवीचा उपास आणि तीस किलोमीटर, दोन्ही एकदम अंगावर घेतले तर दोन्हींना न्याय मिळत नाही.

शरीरात साठवलेली साखर साधारण तीस किलोमीटरपर्यंत पुरते. पुढं पाय शिशाचे होतात आणि डोकं रिकामं होतं. ते टाळायचं तर तासाभरानंतर दर अर्ध्या तासाला थोडं खायचं : दोन-तीन खजूर, अर्धं केळं, गुळाचा खडा. भूक लागायची वाट बघायची नाही. काय पचतं ते सरावातच ठरव. साखर असेल त्यानं हे सगळं डॉक्टरशी बोलून ठरवायचं.

वय वाढलं की तहान उशिरा कळते, म्हणून थोडं-थोडं पीत राहा. पण भीतीपोटी तांब्यावर तांब्या रिचवू नको. जास्त पाण्यानं रक्तातलं मीठ पातळ होतं, मळमळतं, डोकं दुखतं, आणि माणूस बेशुद्धही होतो. लांबच्या पळण्याआधी आणि नंतर वजन कर. एक किलो कमी झालं तर साधारण एक लिटर पाणी गेलं. वजन वाढलेलं दिसलं तर गरजेपेक्षा जास्त प्यालास. लिंबू, मीठ, साखरेचं पाणी किंवा ओआरएस जवळ ठेव.

दुखणं ओळखायला शीक

दोन्ही मांड्या सारख्या दुखत असतील आणि दोन दिवसांत कमी होत असेल, तर ते मेहनतीचं दुखणं. एकाच बाजूला, एकाच ठिकाणी बोट ठेवून दाखवता येतं, सकाळी पहिल्या पावलाला कळ येते, पळताना वाढत जातं, ते दुखापतीचं. पहिल्या दुखण्यात हलकं चाल. दुसऱ्यात पळणं थांबव, आठवड्यात उतरलं नाही तर हाडांच्या डॉक्टरला किंवा फिजिओथेरपिस्टला दाखव. दुखणं दाबायची गोळी खाऊन पळायचं नाही, शर्यतीत तर मुळीच नाही. अंगातलं पाणी कमी झालेलं असताना त्या गोळ्या मूत्रपिंडावर घाला घालतात.

शर्यतीचा दिवस

बीडहून रात्रभर ट्रॅव्हल्समध्ये बसून सकाळी पळायला उभं राहायचं नाही. बसून-बसून पाय सुजतात. पळायचा नंबर आधीच्या दिवसांत मुंबईत जाऊन घ्यावा लागतोच, म्हणून शुक्रवारी पोच. शनिवारी मुंबई बघत हिंडू नको. शनिवारची झोप लागली नाही तरी घाबरू नको, शुक्रवारची झोप खरी कामाची. त्या वर्षीच्या मार्गाचा नकाशा बघून चढ कुठं, पाणी कुठं, हे मनात बसव.

आपल्याकडं पौषात हवा कोरडी असते, मुंबईत दमट. घाम वाळत नाही, त्यामुळे अंग तापतं. सरावातल्या वेगापेक्षा सुरुवातीला मुद्दाम हळू पळ. पहिले दहा किलोमीटर माणसं ढकलल्यासारखी पुढं जातील, जाऊ दे. अभंगाचा वेग सोडू नको, ठरलेलं चालणं पहिल्या किलोमीटरपासून चाल. तीस किलोमीटरनंतर अंगात असेल तर वेग वाढव. मोठ्या शर्यतींत वयाप्रमाणं गट असतात, तुझी बरोबरी तुझ्या गटाशी. खरं तर पहिल्या वर्षी तीही नको, स्वतःच्या पायांनी चालत घरी यायचं, एवढंच.

आणि त्या दिवशी ताप असेल, पोट बिघडलं असेल, छातीत काही वेगळं वाटत असेल, तर पळायचं नाही. पैसे भरले, गावात सगळ्यांना सांगितलं, याचा विचार करायचा नाही.

शर्यतीनंतर

संपल्यावर लगेच बसू नको, दहा-पंधरा मिनिटं चाल. काहीतरी खा, कोरडे कपडे घाल. पहिला आठवडा फक्त चालणं, दुसरा-तिसरा आठवडा थोडं हलकं पळणं, आणि महिनाभर शर्यतीचं नाव नाही. वर्षाला एक पूर्ण मॅरेथॉन आपल्या वयाला पुष्कळ झाली. मध्ये दहा किलोमीटर, अर्धमॅरेथॉन पळ.

फौजा सिंग यांनी वयाच्या एकोणनव्वदाव्या वर्षी, २००० साली लंडनला पहिली मॅरेथॉन पळली आणि २०११ मध्ये शंभरीत टोरांटोची पुरी केली. २०२५ च्या जुलैमध्ये रस्त्यावरच्या अपघातात ते गेले, तेव्हा ते एकशे चौदा वर्षांचे होते. त्यांच्याकडून वेळेचा आकडा शिकण्यासारखा नाही. शिकायचं ते वर्षांमागून वर्षं पाय चालते ठेवणं. तू पन्नाशीत सुरुवात करतोयस, म्हणजे तुझ्या हातात अजून पुष्कळ वर्षं आहेत. त्यातलं एकही वर्ष घाईत घालवू नको. येत्या आषाढात सूनबाईला घेऊन चालायला लाग, आणि डॉक्टरची वेळ मात्र उद्याच घे.